उष्टं, खरकटं आणि ओला कचरा

उरलेल्या अन्नाला आपल्या भाषेत एक शब्द नाही, चार आहेत. भांड्यात राहिलं ते उरलेलं. त्यावरून एक रात्र गेली की ते शिळं. कुणाच्या पानात वाढलं गेलं, त्याचा हात लागला आणि त्यानं तसंच सोडलं, ते उष्टं. ताटाला, पातेल्याला, पत्रावळीला चिकटून राहिलं ते खरकटं. खेड्यात वाढलेल्या माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नसे. शहरातल्या नातवंडांना तो समजावून सांगावा लागतो, कारण त्यांच्या घरात हे चारही प्रकार एकाच बादलीत जातात आणि त्या बादलीला ओला कचरा म्हणतात.

चार शब्द होते, कारण त्या चार प्रकारांचे खाणारे वेगवेगळे होते. उरलेलं घरानं खायचं, शिळं घरातल्या बायकांनी, उष्टं गावकुसाबाहेरच्या माणसांनी आणि खरकटं जनावरांनी. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही ते माहीत असायचं.

“आमच्या वेळी अन्नाचं शीतसुद्धा वाया जात नव्हतं,” असं माझ्या वयाची माणसं नेहमी म्हणतात. लग्नाच्या कार्यालयात भरलेली ताटं टबात रिकामी होताना पाहिली की मलाही तेच म्हणावंसं वाटतं. त्यात खोटं काही नाही. पण वाया जात नव्हतं म्हणजे ते कुणाच्या पोटात जात होतं, हे आपण पुढं विचारत नाही. ते विचारलं, तर आज हॉटेलात आणि घरात इतकं अन्न का टाकलं जातं याचंही बरंचसं उत्तर हाती लागतं.

आधी घरापासून सुरुवात करू. आमचं गाव माणदेशातलं. पाऊस आला तर आला, नाहीतर आभाळाकडं बघत बसायचं. पीक मुख्य म्हणजे शाळूचं. दिवस मावळला की आज्जी चुलीपुढं बसायची आणि पिठाच्या डब्याला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायची, “कोण कोण हाय जेवाया?” वस्तीवर कोण राहिलंय, पाहुणा कोण आलाय, कुणाचा उपास आहे, दुपारी उशिरा कोण जेवलंय, हे सगळं समजलं की मगच पीठ काटवटीत पडायचं. बापयाला दीड, बाईला एक, पोराला अर्धी, आणि वर एक आल्यागेल्याची, असा तिचा भाकरीचा हिशेब. शाळा न शिकलेल्या त्या बाईचं गणित रोज संध्याकाळी बसायचं.

त्या पिठामागची मेहनत घरातल्या घरातच झालेली असायची. सुगीत शाळू उपटायचा, कणसं खुडायची, खळ्यावर बैलांची पात धरायची, वारं सुटलं की उपणायचं, मग धान्य कणगीत भरायचं. पहाटे उठून बायकांनी ते जात्यावर दळायचं. गावात इंजिनावरची पिठाची गिरणी आली तेव्हा जातं कोपऱ्यात गेलं, पण बाकीचं सगळं तसंच राहिलं. शाळू उपटून ज्याच्या तळहाताला फोड आलेत, त्याला भाकरी टाकू नको असं सांगावं लागत नाही.

दुसरा धाक होता दुष्काळाचा. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ आमच्या आज्जीच्याही जन्माआधीचा, पण त्याच्या गोष्टी तिच्या तोंडी होत्या. त्या दुष्काळात सरकारनं रस्त्याची, तळ्याची कामं काढली. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्यानं त्या कामांवरच्या धडधाकट गड्याची मजुरी खाली आणून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी केली. बाईला आणि पोराला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडं त्याविरुद्ध गाऱ्हाणं मांडलं. ती आठवण विझायच्या आत १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. ज्या घरातली माणसं अशी गेलीत, त्या घरात मुठीतून सांडलेला दाणा वेचायची सवय पुढच्या तीन पिढ्या जात नाही.

आमच्या पिढीचा दुष्काळ १९७२ चा. त्याच्या आधी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं आणि सोमवारी संध्याकाळी कितीतरी हॉटेलं बंद राहिली होती. आमच्याकडं हॉटेल म्हणजे एस्टी स्टँडवरचं भज्यांचं दुकान, त्यामुळं त्या सोमवारांचं कुणाला फार वाटलं नाही. बहात्तर मात्र घराघरात शिरलं. मी तेव्हा शाळेत होतो. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिच्या पिठाला चिकटपणा नसायचा, भाकरी थापतानाच तुटायची, आणि आज्जी ती तुटकी भाकरी तव्यावर जोडत बसायची. खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याच अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सुकडीचा कागद चाटूनपुसून खाणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना अन्नाला पूर्णब्रह्म म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं.

मेहनत आणि दुष्काळ, या दोन कारणांवर आपण सहसा थांबतो. पण नुसत्या धाकानं उरलेलं अन्न संपत नाही. हिशेब कितीही नेटका असला तरी माणसाची भूक रोज सारखी नसते. कुणी रानातून दमून येतो आणि न जेवता झोपतो, कुणाला ताप येतो, येणारा पाहुणा येत नाही. काही ना काही उरतंच. ते कुठं जायचं?

आमच्या घरात शिळ्या भाकरीची जागा ठरलेली होती. आधी ती आज्जीच्या वाट्याची होती, मग आईच्या आली. पोरांना गंमत म्हणून कधी शिळ्या भाकरीचा कुस्करा मिळायचा, कांदा, तिखट आणि वरून कच्चं तेल घालून. कधी फोडणीची भाकरी व्हायची. उन्हाळ्यात तुकडे वाळवून डब्यात भरले जायचे. ते सगळं चवीचं होतं आणि आता त्याच्या आठवणी काढणारे लेखही बरेच येतात. पण आईची रोजची न्याहारी म्हणजे शिळी भाकरी आणि रात्रीचं कोरड्यास, हे चवीसाठी नव्हतं. आमटीला वास यायला लागला तरी “उकळली की चालतंय” म्हणून ती चुलीवर ठेवायची आणि आम्ही उठायच्या आत संपवून टाकायची. ताजी भाकरी तव्यावरून उतरली की आधी तात्यांच्या ताटात, मग पोरांच्या. ती बसेपर्यंत दुरडीत काय राहील ते तिचं.

१९८० नंतर कधीतरी तिला पित्तानं धरलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि शिळं पूर्ण बंद सांगितलं. आठ दिवसांत दुरडीत तुकडे साठले. वाटीभर आमटी, मूठभर भात, अर्धी-पाव भाकरी असं रोज काहीतरी शिल्लक दिसायला लागलं. तात्या म्हणाले, “अलीकडं तुम्ही जास्त करायला लागलात.” खरं तर भाकरी तितक्याच होत होत्या आणि जेवणारेही तितकेच होते. उरत आधीही होतंच. मधे आईचं पोट होतं, म्हणून ते घराला दिसत नव्हतं.

ही एका घराची गोष्ट नाही. बाईनं शेवटी बसायचं आणि उरलं ते खायचं, ही रीत गावोगावी होती. तिच्या जोरावर घर काटकसरी म्हणवून घेत होतं. मुली शिकल्या, कामाला लागल्या, सगळ्यांबरोबर टेबलावर बसायला लागल्या, डॉक्टरांचं ऐकायला लागल्या. हे चांगलंच झालं. पण त्यांच्या पोटाऐवजी उरलेल्यानं कुठं जायचं, हे घरानं ठरवलं नाही.

उष्ट्याची गोष्ट याहून कडू आहे.

गावात लग्नाच्या पंगती उठल्या की पत्रावळींवरचं उष्टं एका बाजूला गोळा व्हायचं. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बाया-पोरं टोपल्या घेऊन मांडवाबाहेर लांब बसलेली असायची. भात, आमटी, बुंदी, खीर, सगळं एकमेकांत मिसळलेलं त्या टोपल्यांत पडायचं. गाव याला त्यांचा हक्क म्हणायचं. हक्क असा, की ताज्या अन्नावर नाही, दुसऱ्यानं टाकलेल्या घासावर. वर्षभर गावाची कामं करायची आणि त्याच्या बदल्यात खळ्यावरचं बलुतं, दारातला तुकडा आणि सणावाराचं उष्टं घ्यायचं. अन्न वाया जात नव्हतं ते असं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या परिषदेचं नाव निघालं की आपल्याला चवदार तळं आठवतं. तिथंच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, गावाचं उष्टं-शिळं घेणं सोडा, असं सांगितलं, हे कमी लोकांच्या लक्षात असतं. पाण्याच्या हक्काइतकीच ती गोष्ट मोठी होती. घरात दुसरं काही नसताना समोरचा घास नाकारायला सांगणं आणि तो नाकारणं, याला काय लागतं ते पोट भरलेल्याला कळायचं नाही. पुढं १९५६ मध्ये धर्मांतर झालं, १९५८ मध्ये गावकामगारांची खालची वतनं रद्द करणारा कायदा आला, आणि गावोगाव पोरांनी टोपल्या घरात ठेवल्या.

आमच्या चुलत्यांनी पाहिलेली त्या सुमाराची एक गोष्ट ते सांगायचे. गावातल्या मोठ्या वाड्यावरचं लग्न होतं. दोन पंगती उठल्या, तीन उठल्या, मांडवाबाहेर कुणी आलंच नाही. निरोप धाडला. मग एक तरणा पोरगा आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “आमची माणसं हितनं फुडं उष्टं न्यायला येणार न्हाईत. जेवाया बोलवायचं आसंल तर पंगतीला बसवा, येतू.” मांडवात एकच गलका झाला. माजलेत म्हणून झालं, बघून घेऊ म्हणून झालं. पंगतीला बसवायचं काही कुणाच्या मनात आलं नाही. दिवस कलला, माशा घोंगावायला लागल्या, वास सुटला. तेव्हा सगळ्यांपुढं एकच प्रश्न राहिला, आता हे टाकायचं कुठं? शेवटी गड्यांनी मळ्याच्या बांधाला खड्डा खणला.

“इतकं उष्टं पडतंय हे गावाला त्या दिवशी दिसलं,” असं चुलते म्हणायचे. “पण इतकं वाढताव कशाला, हे त्या दिशीबी कुणी इचारलं न्हाई.”

त्या प्रश्नाचं उत्तर मांडवात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लग्नात अन्न पुरलं म्हणून चालत नाही, पुरून उरलं पाहिजे. आमटीत ऐनवेळी पाणी घालावं लागलं तर त्या घराचं नाव दोन पिढ्या निघतं. चार कढया उरल्या तर कुणी नाव ठेवत नाही, उलट हात मोकळा आहे म्हणतात. कमी पडण्याची शिक्षा मोठी आणि जास्त होण्याची काहीच नाही, मग आचारी अंदाज कुठल्या बाजूला चुकवणार? तसंच आग्रहाचं. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला तरी वाढप्यानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. तो नको म्हणत असतो तेव्हा खरंच नको असतं की रीत म्हणून नको असतं, हे ओळखायची सोय नाही. म्हणजे जुन्या पंगतीतही अन्न भरपूर टाकलं जात होतं. फक्त ते दुसऱ्याच्या टोपलीत पडायचं, म्हणून टाकणाऱ्याला ते टाकल्यासारखं वाटत नव्हतं.

राहिलं खरकटं. ते म्हशीच्या घमेल्यात, कुत्र्याच्या ताटलीत, कोंबड्यांपुढं जायचं. पळसाच्या पत्रावळी उकिरड्यावर कुजून पुन्हा रानात जायच्या. ही वाट कुणाचा अपमान न करता चालू होती, पण तीही मोडली. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, घरटी जनावरं कमी झाली, माणसं तालुक्याला आणि पुण्या-मुंबईला गेली. पत्रावळीच्या जागी थर्माकोलची ताटली आली. ती अन्नासकट म्हशीपुढं टाकता येत नव्हती आणि उकिरड्यात वर्षानुवर्षं कुजत नव्हती. राज्यानं २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली, तोवर एक पिढी तिच्यात जेवून मोठी झाली होती. शहरात हॉटेलांचं खरकटं डुकरं पाळणारे नेतात, काही ठिकाणी त्याचा गॅस करतात. घरातलं मात्र बादलीत जातं.

हा सगळा इतिहास इथं मांडायचं कारण एवढंच, की अन्न टाकायची सवय आजकालच्या पोरांनी लावलेली नाही. ती आपल्याकडं आधीपासून होती. तिच्याखाली दोन झोळ्या धरलेल्या होत्या, एक घरातल्या बाईची आणि एक गावकुसाबाहेरच्या माणसाची. त्या झोळ्या निघाल्या, आणि निघाल्या ते बरंच झालं. पण वाढायचा हात तसाच सैल राहिला. त्यात धान्य मुबलक झालं, हाताशी पैसा आला, आणि जिथं अन्न तयार होतं ती जागा खाणाऱ्याच्या डोळ्यांपासून लांब गेली.

आता हॉटेलात बघा. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा महिनेवारी खाणावळीत जेवायचो. मालकाला प्रत्येक पोराची भूक पाठ. “तुला तिसरी लागणार नाही, आधी दोन संपव,” असं तो तोंडावर सांगायचा. त्याचा त्यात फायदा होता, पण ताटात काही राहत नव्हतं हेही खरं. आजच्या हॉटेलात आपल्याला कुणी ओळखत नाही. एका डिशमध्ये किती येतं ते आपल्याला ठाऊक नसतं आणि मागवताना पोटाऐवजी डोळ्यांना भूक लागलेली असते. चौघं बसलेत, एकच भाजी कशी मागवायची? समोरच्याला चिकट वाटायला नको. बिल देणाऱ्यानं जास्त मागवायचं आणि खाणाऱ्यानं थोडं ठेवायचं, म्हणजे दोघांचाही मान राहतो. हा जुना मांडवातला आग्रहच आहे, फक्त वाढपी गेला आणि मेन्यूकार्ड आलं.

‘अनलिमिटेड’ थाळीत आणखी एक गंमत होते. पैसे आधीच ठरलेले, मग जितकं जास्त घेऊ तितकं वसूल झालं असं मन सांगतं. खाल्लं नाही तरी ताटात घेतलं म्हणजे मिळवलं. बुफेत रांगेचा हिशेब असतो. पुन्हा त्या रांगेत उभं राहायला नको म्हणून माणूस एकाच फेरीत भात, पुरी, पनीर, गुलाबजाम, सगळं एकावर एक रचतो. चव आवडेल की नाही हे कळायच्या आत ताट भरलेलं असतं. पंगतीत पहिला घास खाऊन दुसऱ्याला नको म्हणता यायचं. इथं नको म्हणायची वेळच निघून गेलेली असते. उरलेलं बांधून मागायची लाज वाटते, कारण तुकडा बांधून नेणं हे आपल्या मनात कुठंतरी अजून त्या टोपलीशी जोडलेलं आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी टोपली कधी धरली नाही, त्यांनाच ती लाज जास्त वाटते, हे मी अनेकदा पाहिलंय.

पण हॉटेलवर सगळा दोष टाकून मोकळं होता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातला २८ टक्के वाटा हॉटेलं, खाणावळी, कॅन्टीन यांचा आणि १२ टक्के दुकानांचा. राहिलेला ६० टक्के वाटा घरांचा. भारतातल्या घरांसाठी त्यात माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज दिलाय. म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम, साली-देठं सगळं धरून. ओल्या अन्नाचं आणि कोरड्या धान्याचं वजन सारखं नसतं हे मान्य. तरी तीन दिवसांचं हे टाकलेलं तराजूत घातलं, तर काटा टेंपलसाहेबाच्या त्या एक पौंडापाशी येऊन थांबतो.

घरात इतकं का जातं? एक कारण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं आहे. फ्रीज आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काही नासणार नाही. झालं असं, की आधी उरलेल्याचं काय करायचं ते त्याच रात्री ठरवावं लागायचं, आता ते पुढं ढकलता येतं. वाटी झाकून आत ठेवली की टाकल्याचं पाप लागत नाही. चार दिवसांनी ती मागच्या कप्प्यात सापडते, तेव्हा टाकताना वाईटही वाटत नाही, कारण आता ती नासलेली असते. दुसरं कारण खरेदीचं. आठवडी बाजारात पिशवी खांद्यावर वाहून आणावी लागायची, तेव्हा खांदा सांगायचा किती घ्यायचं ते. आता एकावर एक फुकट बघून घेतो. तिसरं कारण म्हणजे घरात कोण कधी जेवणार हे कुणालाच माहीत नसतं. पोरगा बाहेरून खाऊन येतो, सून ऑफिसात जेवते, म्हाताऱ्यांचं पथ्य वेगळं. फोन सगळ्यांच्या खिशात आहे, पण मी आज जेवायला नाही, हे सांगायला तो कुणी वापरत नाही.

गर्दी झाली की अन्न टाकलं जाणारच, असंही म्हणतात. मला ते पटत नाही. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला अफाट माणूस जमतो. तिथं आमटी-भाकरीचा प्रसाद असतो आणि भाकरी गावागावांतून येते. घराघरांतल्या बायका भाकरी थापतात, त्या गोळा करून सप्ताहाला पोचवतात. समोर आलेली भाकरी कुठल्यातरी घरच्या तव्यावरची आहे हे खाणाऱ्याला माहीत असतं. भाकरी मोडून अर्धी घेता येते आणि उरलेली अर्धी शेजारच्याला देता येते. शिवाय सप्ताह संपताना काला होतो. एकमेकांच्या हातचं, एकमेकांचा हात लागलेलं सगळे खातात. ज्या समाजानं उष्ट्यावरून माणसं लांब बसवली, त्याच समाजातल्या वारकऱ्यांनी उष्ट्याचा हा दुसरा अर्थही जपला. एकट्यानं दुसऱ्याचं उष्टं खायचं यात अपमान आहे. सगळ्यांनी मिळून एकमेकांचं खायचं यात तो राहत नाही.

त्यामुळं उपाय शोधायचा तर जुने दिवस परत आणून चालणार नाही. ते दिवस ज्यांच्या जिवावर चालले त्यांनी का म्हणून परत यावं? त्या दिवसांतल्या दोन गोष्टी तेवढ्या उचलण्यासारख्या आहेत. पीठ घ्यायच्या आधी माणसं मोजायची. आणि उरलंच तर ते एकाच्या वाट्याला टाकायचं नाही, सगळ्यांत वाटायचं.

आई पथ्यावर गेल्यानंतर आमच्या घरात हे दुसरं आपोआप सुरू झालं. आज्जी तेव्हा हयात होती. तिनं एक दिवस सकाळी शिळ्या भाकरीचे तुकडे केले आणि सगळ्यांच्या ताटात एकेक ठेवला, पहिला तात्यांच्या. तात्यांनी तिच्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत, आमटीत बुडवून खाल्ला. महिनाभर हे चाललं. त्यानंतर एक बदल झाला, तो घरातल्या बायकांनी आधी ओळखला. संध्याकाळी तालुक्याला जाताना तात्या आता दारातून आत आवाज द्यायला लागले, “आज मला धरू नका, मी भाईर जेवणार हाय.” त्या आधीच्या तीस वर्षांत त्यांनी हे एकदाही सांगितलेलं नव्हतं.